सोमवारचा वाचक

आमच्या गावातले एक वयोवृद्ध गृहस्थ वारले, आणि त्यांची राख सावडून होते न होते तोच यंत्राने माझे अभिनंदन केले.

मजकूर जसाच्या तसा देतो, कारण तक्रार करणाऱ्याला समोरच्याचे शब्द बदलण्याचा अधिकार नसतो. “अभिनंदन! या आठवड्यात आपल्या संकेतस्थळाला वर्षातील सर्वाधिक भेटी मिळाल्या. ‘निधनवार्ता’ हा आपला सर्वांत यशस्वी विभाग ठरला आहे. अशा स्वरूपाचा मजकूर अधिक वारंवार प्रसिद्ध करण्याचा विचार करावा.”

माझी सारी नोकरी चंद्रपूरच्या न्यायालयाच्या कचेरीत गेली आणि निवृत्तीनंतरची वर्षे पत्रे लिहिण्यात गेली. खाणीला, पुनर्वसनाच्या कार्यालयाला, पुन्हा खाणीला, आणि पोच न आल्यास पोच का आली नाही याविषयी तिसऱ्याच कुणाला. उर्मट उत्तरे मी पुष्कळ वाचली आहेत. कोरडी तर मोजता येणार नाहीत इतकी. परंतु माझी माणसे अधिक वारंवार मरावीत अशी सूचना आजवर कोणत्याही कचेरीने मला लेखी केली नव्हती. मी त्याच बैठकीत कलमवार उत्तर लिहिले. विषयाच्या ओळीत लिहिले, ‘मृत्यूबद्दल अभिनंदन केल्याबाबत’. यंत्राने तत्क्षणी क्षमा मागितली, आणि त्या तत्परतेने माझा संताप आणखी वाढला. ज्याला आपण काय बोललो हेच कळले नाही, त्याने इतक्या लवकर दिलगीर तरी कशाला व्हावे?

आमचे गाव राजुरा तालुक्यात होते. काळी जमीन, कापूस, तूर, आणि गावाबाहेर वर्धा नदीकडे उतरणारी बैलवाट. आज त्या जागी खड्डा आहे, आणि त्याच्या तळाशी फिरणारे डंपर वरून काडेपेटीएवढे दिसतात. गावाची निम्मी माणसे राजुऱ्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत राहायला गेली. काही आमच्यासारखी चंद्रपुरात आली, काहींनी मुलचेऱ्याकडे जमिनी घेतल्या, कुणी सावली या गावी मुलीच्या आधाराने राहिले, आणि तरुण पोरे नागपूर-हैदराबादेच्या वाटेला लागली.

गाव असताना मयताचा सांगावा देण्याची एक रीत होती. एक माणूस दारोदार जाई, दुसरा सायकलने नातलगांच्या गावी जाई, आणि ज्याने यायला हवे तो येईपर्यंत तिरडी उचलली जात नसे. दारे एका ओळीत असतात तोवर ही रीत चालते. गाव उठल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी वसाहतीत एक जण वारला, आणि सावलीला दिलेल्या त्याच्या बहिणीला ते तेरवी उलटून गेल्यावर कळले. ती आली, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता बसली, आणि आम्हा सर्वांना नावे घेऊन घेऊन शिव्या दिल्या. एकही शिवी अस्थानी नव्हती.

त्या बहिणीच्या शिव्यांतून आमचे संकेतस्थळ जन्माला आले. सगळे त्याला वेबसाइटच म्हणतात. मीही बोलताना तेच म्हणतो. नागपूरला संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या माझ्या मुलीने ते बांधले. त्यात विभाग दोनच. एक निधनवार्ता. दुसरा ‘घरे’. गावात शिरताना ज्या क्रमाने घरे लागत, त्या क्रमाने प्रत्येकाचे एक पान. कोण राहत होते, अंगणात काय होते, पाणी कुणाच्या विहिरीचे. वेशीजवळचे पहिले घर वहिनींचे, म्हणून पहिले पान त्यांचे.

वहिनी म्हणजे रक्ताच्या नात्याच्या नव्हेत. त्यांचे शेत आणि आमचे शेत धुऱ्याला धुरा लागून, आणि त्यांचे यजमान मला धाकट्या भावासारखे वागवीत. ते लवकर गेले. एक मुलगा मागे राहिला, आणि दिराचा मुलगा, म्हणजे पुतण्या, शेजारीच. जमीन सामायिक होती. खाणीने जमीन घेतली तेव्हा त्या गटामागे घरातल्या एकाला नोकरी मिळायची होती, आणि ती कुणाला द्यायची ते घराने ठरवून लिहून द्यायचे होते. पुतण्याच्या पदरी दोन लेकरे होती. मुलाचे लग्नही झाले नव्हते. वहिनींनी पुतण्याच्या नावापुढे अंगठा दिला.  मुलगा पुढे काही आठवड्यांनी, काम पाहून येतो म्हणून हैदराबादला गेला, आणि त्यानंतर त्याचा फोन नाही, पत्र नाही, कुणाच्या हाती निरोप नाही. पुतण्याने मात्र वहिनींना आईसारखे सांभाळले. हे मी ठासून लिहितो, कारण गावात उलट बोलणारेही होते.

तर यंत्राचे ते अभिनंदन. ज्या कंपनीकडून वेबसाइटची जागा भाड्याने घेतली आहे तिने नवी सोय दिली होती. पानावर कोण आले, कोणत्या शहरातून आले, किती वेळ थांबले, याचा हिशेब ठेवणारे आणि विचारलेल्याला मराठीत उत्तर देणारे एक यांत्रिक सहायक. मुलीने ते जोडून दिले आणि मला बजावले, “बाबा, तो माणूस नाही. त्याला स्मरणपत्रं पाठवत बसू नका.” त्या पहिल्या अहवालात अभिनंदनाखाली आणखी एक परिच्छेद होता, जो संतापाच्या भरात मी नीट वाचला नव्हता. त्यात म्हटले होते की हैदराबादहून एक वाचक दर सोमवारी न चुकता येतो आणि ‘घरे’ विभागातले पहिलेच पान उघडतो. अशा निष्ठावान वाचकासाठी आणखी मजकूर द्यावा.

त्या वृद्ध गृहस्थांच्या तेरवीला मी वसाहतीत गेलो. सारखी घरे, भिंतींवर रंगाने घातलेले आकडे, आणि दुपारी खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी एकदम बोलून गप्प होतात. जेवणे आटोपल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या.

“भाऊ, तुमच्या त्या मोबाइलात माह्यं घर हाय म्हन्ते ना?”

आहे, म्हटले, आणि बोलता बोलता सांगून गेलो की हैदराबादहून कुणीतरी दर सोमवारी ते उघडून पाहतो. ‘कुणीतरी’ हा शब्द मी वापरला होता. मला तो पक्का आठवतो.

वहिनींनी हातातली सुपारी तशीच धरून ठेवली. “सोमवारी?”

“सोमवारीच.”

“बाजाराचा दिवस.”

आमच्या गावचा बाजार सोमवारचा. बाहेरगावी कामाला असलेला प्रत्येक बाप्या सोमवारी घरी येई. ती त्या गावची अलिखित शिस्तच होती. वहिनींचा मुलगा राजुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये होता तेव्हा तोही यायचा, कागदाच्या पुड्यात आईसाठी भजी घेऊन, आणि घरी पोचेपर्यंत तेलाने पुडा पारदर्शक झालेला असे. मलाही हे ठाऊक होते. तरीही अहवाल वाचताना सोमवार हा माझ्यासाठी केवळ वाराचे नाव होता.

मी आक्षेप घेतला. ओळख पटलेली नाही, यंत्र शहर सांगते, माणूस सांगत नाही, असे मी त्यांना समजावून सांगितले.

“तुमाले काय समजते, भाऊ,” वहिनी म्हणाल्या. “तुमी कोर्टातले. तुमच्या इथी तं आईले बी साक्षीदार लागते.”

शेजारच्या बाया हसल्या. मीही हसलो, आणि माझा आक्षेप तिथेच निकालात निघाला.

त्यानंतर दर मंगळवारी पुतण्याच्या फोनवरून वहिनींचा फोन येऊ लागला. “आला होता का?” मी अहवाल उघडून पाही आणि सांगे, आला होता. पुढे पुढे त्या नुसत्या विचारून थांबेनात. त्या पानावर काही लिहायला सांगू लागल्या. “लिहा भाऊ, का शेवगा इथी लावला अन् लागला.” “लिहा का तुह्यी पेटी घरी हाय, कोनी उघडली नाई.” “डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा ओवता येते, हे बी टाका.” एकदा म्हणाल्या, “अंगठ्याचं काई लिहू नका. ते तो जानते.” मी प्रत्येक वाक्य त्यांच्या बोलीत जसेच्या तसे उतरवले. एरवी मी शासनाच्या परिपत्रकातले मराठी सुधारून परत पाठवणारा माणूस आहे. वहिनींच्या एकाही शब्दाला मी हात लावला नाही. घराचे पान हळूहळू लांब होत गेले, आणि त्यात अंगण व विहीर यांच्याखाली एका आईचे बोलणे साचत गेले.

यंत्राने एका अहवालात नोंद केली की या पानावर मजकूर वाढत असूनही सोमवारच्या वाचकाचा थांबण्याचा वेळ वाढलेला नाही. मी ती नोंद वाचली आणि मनात म्हणालो, त्याला लाज वाटत असेल. हा तर्क माझ्यासारख्या माणसाने कोणत्या पुराव्यावर केला, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे मुलचेऱ्याकडे आमच्या गावची एक बाई वारली. निधनवार्ता टाकली, जिथे जिथे माणसे विखुरली होती तिथून पाने उघडली गेली, आणि यंत्राने पुन्हा अभिनंदन केले. या वेळी मी उत्तर त्याला लिहिले नाही. मुलीला फोन केला आणि तिच्यावर कडाडलो. तिने सारे ऐकून घेतले.

“बाबा, मागच्या वेळी तुम्ही त्याला झापलं, पण काही सांगितलं नाही,” ती म्हणाली. “पार्श्वभूमी लिहायला तिथे एक रकाना दिलाय. वेबसाइट कशाची, कोण येतं, कशासाठी येतं. तो कोरा आहे. त्याला वाटतं आपण काहीतरी विकतो.”

“कोरा कुणी ठेवला?”

“मला वाटलं तुम्ही लिहाल. लिहिण्याचं काम घरात कुणाचं आहे?”

मी लिहायला बसलो. आयुष्यात पुष्कळ प्रतिज्ञापत्रे तयार केली, पण इतकी वेदना देणारे एकही नाही. कारण जे आपल्याला उपजत ठाऊक असते ते, ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्यासाठी, पायरीपायरीने मांडायचे होते. मी लिहिले की हे गाव अस्तित्वात नाही. इथे येणारे गिऱ्हाईक नाहीत. ते एकमेकांचे शेजारी होते. निधनाच्या बातमीला गर्दी होते ती मजकूर आवडला म्हणून होत नाही. ज्याने मातीला जायचे तो निघण्यापूर्वी खात्री करून घेतो, म्हणून होते. बातमी उघडून लगेच बंद करणारा कंटाळलेला नसतो, त्याला एस. टी. ची वेळ पाहायची असते. एका फोनवर एक माणूस वाचतो आणि ओसरीवरचे दहा ऐकतात. तेंदूपत्त्याच्या दिवसांत आणि कापूस वेचणीला कुणी येत नाही, ते रुसलेले नसतात. आणि या वेबसाइटवरची गर्दी दरवर्षी कमी होत जाणार, कारण गाव ज्यांनी पाहिले ते कमी होत जाणार; त्यावर उपाय सुचवू नये.

शेवटी मी सोमवारच्या वाचकाविषयी लिहिले. सोमवार हा आमचा बाजारवार, त्या दिवशी घरी येण्याची रीत, आणि हैदराबादला गेलेला मुलगा. मला वाटले होते की एवढी पार्श्वभूमी मिळाल्यावर यंत्र आपण होऊन म्हणेल की होय, ही शक्यता दाट आहे. सर्व संबंधित बाबी विचारात घेऊन आपले मत द्यावे, असे मी लिहिले.

मत आले. त्यात म्हटले होते की निधनवार्तेवरील गर्दी यापुढे यश म्हणून मोजली जाणार नाही, आणि आधीची दोन अभिनंदने ही चूक होती हे आता कळते. नंतर सोमवार. त्या भेटी दर वेळी त्याच मिनिटाला येतात. पान उघडते आणि लगेच मिटते. खाली एकदाही सरकवलेले नाही. त्या फोनवरून येत नाहीत, मोठमोठी संगणक-यंत्रे जिथे ठेवतात अशा ठिकाणाहून येतात. त्यामागे माणूस असल्याचे कोणतेही चिन्ह नाही. संकेतस्थळ चालू आहे की बंद पडले हे तपासायला कुणीतरी लावलेली ती स्वयंचलित व्यवस्था असावी. संकेतस्थळ सांभाळणाऱ्यास विचारून खात्री करावी. आधीच्या अहवालात तिला ‘निष्ठावान वाचक’ म्हटले, कारण तेव्हा हे पान कुणासाठी काय आहे याची माहिती नव्हती आणि फरक तपासण्याचे कारण दिसले नव्हते.

कोणत्याही कचेरीकडून मला आलेले इतके नीट उत्तर दुसरे नाही. प्रत्येक विधानाला आधार होता. जिथे माहिती नव्हती तिथे नाही म्हटले होते. रागावण्यासाठी मी ते पुन्हा वाचले, आणि रागावायला जागा सापडली नाही.

मुलीला विचारले.  ती म्हणाली, “ते मी लावलंय, बाबा. वेबसाइट बंद पडली तर मला कळावं म्हणून. आठवड्याची सुरुवात म्हणून सोमवार. आणि कोणतं तरी एक पान द्यावं लागतं, मी पहिलं दिलं.”

“हैदराबाद?”

“ते मशीन तिथं आहे. मी निवडलेलं नाही.” मग तिचा आवाज बदलला. “वहिनीकाकूंचं हे सगळं तुम्ही मला कधी सांगितलं होतं?”

सांगितले नव्हते. यंत्राला पाच पाने लिहून दिली होती, पोटच्या मुलीला नाही.

ती म्हणाली, वहिनींना सांगू नका. मी म्हणालो, जी माहिती त्यांच्याविषयीची आहे ती त्यांच्यापासून दडवण्याचा मला अधिकार नाही; आयुष्यभर ज्यांनी आमच्यापासून माहिती दडवली त्यांच्याशी मी भांडलो आहे. त्यावर ती म्हणाली, “त्या कचेऱ्यांनी तुमची जमीन नेली, बाबा. तुम्ही काकूंचा सोमवार न्यायला निघालात.”  तरीही मी राजुऱ्याच्या गाडीत बसलो.

वहिनी सुपात तूर पाखडत होत्या. पुतण्या खाणीत पाळीवर गेला होता. मी सांगितले, आडवळण न घेता, कारण आडवळणाने सांगितलेले वाईट वर्तमान दोनदा मारते. माझ्या मुलीने लावलेले यंत्र, दर सोमवारी पान उघडते आणि मिटते, त्यामागे कुणी नाही. वहिनींचे पाखडणे थांबले नाही. फोलपट उडून माझ्या पायांवर येत होते. सूप रिकामे झाले, त्यांनी दुसरे भरले.

“म्हंजे शेवग्याचं त्यानं वाचलं नाई,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“पेटीचं?”

“नाही, वहिनी.”

मी क्षमा मागू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवले. खाणीत सुरुंग झाला, भांडी वाजली. मग त्यांनी मला जे विचारले त्याला मी तयार नव्हतो.

“मयतीच्या बातमीले तं सारे येतात ना, भाऊ? खरे मान्सं?”

येतात, म्हटले.

“मंग माही टाका.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. त्या शांतपणे समजावून सांगू लागल्या, जणू मी अडाणी आणि त्या वकील. बातमी टाकायची. हैदराबादहून कुणी उघडते का ते यंत्राला विचारायचे. तो आला तर आला. नाही आला तरी त्याने पाहिले एवढे तरी कळेल. मग काढून टाकायची.

मी ताडकन उठलो. जिवंत माणसाच्या निधनाची बातमी, तीही गावाच्या विश्वासावर चालणाऱ्या जागेवर. सावलीची ती बहीण धावत येईल, मुलचेऱ्याची माणसे रोजी बुडवून येतील. हे खोटे आहे, आणि मी ते करणार नाही. माझा आवाज चढला होता. शेजारची एक बाई दारात येऊन पाहून गेली.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. “खोटं नाई, भाऊ,” त्या म्हणाल्या. “जरासं आधी.”

मी केले नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. मंगळवारचे फोन थांबले. त्यांच्या घराच्या पानावर नवे वाक्य आले नाही, आणि त्या पानाला मी हात लावू शकलो नाही. मुलीने ती सोमवारची तपासणी काढून टाकली. पुढचे काही महिने अहवाल येत राहिले, कमी होत जाणाऱ्या आकड्यांचे, आणि यंत्राने त्यावर उपाय सुचवला नाही.

थंडीत वहिनींना दम लागू लागला. पुतण्याने चंद्रपूरला दवाखान्यात आणले. मी रोज जाऊन बसे. मुलाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. थोडे बरे वाटले म्हणून त्यांना घरी नेले. एका सकाळी पुतण्याचा फोन आला. “काका, मोठीमाय गेली,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “टाका.”

निधनवार्ता मी लिहिली. अशा बातम्या मी असंख्य लिहिल्या आहेत आणि त्यांचा साचा माझ्या हाताला पाठ आहे. तरी ‘पश्चात’ या शब्दापाशी मी अडलो, आणि मग लिहिले: पश्चात एक मुलगा आणि एक पुतण्या. टाकून राजुऱ्याची गाडी धरली.

वसाहतीत पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती आणि माणसे उभी होती. उचलत कुणी नव्हते. मला पाहताच एका म्हाताऱ्याने विचारले, “भाऊ, मोबाइलात पाहा. पोरानं पाह्यलं का?” सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. वहिनींनी मला जे करायला सांगितले होते, ते गाव आता त्यांच्याच अंगणात उभे राहून करायला सांगत होते. फरक इतकाच की आता ते खोटे नव्हते.

मी यंत्राला विचारले. उत्तर लगेच आले. पहिली ओळ अशी होती की ही दुःखाची बातमी आहे हे त्याला माहीत आहे, आणि जेवढे विचारले आहे तेवढेच ते सांगेल. हैदराबादहून काही जणांनी बातमी उघडली आहे. त्यांपैकी एकाने, फोनवरून, बातमीनंतर वहिनींच्या घराचे पान उघडले. ते पान त्याने सावकाश खालपर्यंत सरकवले, शेवटी बराच वेळ थांबला, पुन्हा वर गेला आणि पुन्हा खाली आला. हे माणसाचे वाचणे आहे. तो कोण, हे सांगता येणार नाही.

मी हे शब्दशः वाचून दाखवले. एकही शब्द वाढवला नाही, एकही गाळला नाही. पुतण्या भिंतीला टेकून खाली बसला. एक बाई रडत म्हणाली, “निंगला असंल तं आता बल्लारशाले आला असंल.” कुणी म्हणाले, रेल्वे असते, कुणी म्हणाले, बस. रीत होती ती गावाने पाळली. दुपारभर कुणी जेवले नाही. रस्त्याकडून गाडीचा आवाज आला की पोरे पाहून येत. मी फोन पुन्हा पुन्हा पाहत होतो. तो वाचक परत आला नाही.

ऊन कलले तेव्हा म्हातारे म्हणाले की अंधारापूर्वी व्हायला हवे. वर्धेच्या काठावर लाकडे रचली होती. तिथेही आम्ही थांबलो, रस्ता जिथून दिसतो अशा बाजूला तोंड करून. पुतण्याने ओल्या अंगाने मडके खांद्यावर घेतले, फेऱ्या घातल्या, आणि पेटती काडी हातात धरून तो चितेपाशी न थांबता माझ्याकडे आला. डोळे लाल झालेले होते. ज्या नोकरीवर त्याने तिला सांभाळले ती नोकरी, आणि आता ही काडीही, दुसऱ्याची आपल्या हातात आल्यासारखा तो उभा होता.

“काका,” तो म्हणाला, “मी देऊ का?”

मी एकदा रस्त्याकडे पाहिले. सगळ्यांनी पाहिले. मग मी त्याला म्हणालो, “दे.”